काकींची म्हैस

माझा नवरा खनिजाचा ट्रक चालवतो. एका पावसाळ्यात त्याचा ट्रक वळणावर उलटला. हात मोडला, तेवढ्यावरच निभावलं. हात जुळल्यावर तो पुन्हा कामाला गेला, पण त्यानंतर फोन वाजला की माझी छाती धडधडायची, घाम फुटायचा. डिचोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, काळजी सोडा. ती कशी सोडायची, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

गोव्यातल्या आमच्या लाटंबार्से गावात शेजारी एक काकी राहतात. सावंतवाडीकडच्या, विधवा. मूलबाळ नाही; घरात त्या आणि गोठ्यात म्हैस. एकदा त्या तापाने पडल्या, म्हणून म्हशीला पाणी दाखवायला मी गेले. सहज तिची मान खाजवली, तर डोळे मिटून तिने सगळा भार माझ्यावर टाकला. तिचा संथ श्वास अंगाला लागत होता. घरी आले तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ आपण कसलाच विचार केला नव्हता.

काकी बऱ्या झाल्या तरी मी जात राहिले. म्हशीला धुवायचं, गवत घालायचं, नुसतं टेकून उभं राहायचं. झोप लागू लागली. फोन आला तरी छाती धडधडेनाशी झाली. काकी उंबऱ्यावर बसून बघायच्या. त्यांना सोबत झाली, असं मी समजत होते.

एके संध्याकाळी त्यांनी म्हशीला हाक मारली. तिने कानही हलवला नाही, माझ्याच हाताला नाक घासत राहिली. काकी हळूच म्हणाल्या, "आता ती माझ्याकडे बघना पण नाय गो."

मी जाणं बंद केलं. गुडघेदुखीचं निमित्त सांगितलं. काही दिवसांतच धडधड परत आली. म्हैस गोठ्यातून हंबरायची, मी खिडकी लावून घ्यायचे. शेवटी काकीच दारात आल्या. हातात दुधाची रिकामी कासंडी.

"ती पान्हो चोरता," त्या म्हणाल्या. "तू ये."

मी गेले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिने पान्हा सोडला. काकी खाली बसून धार काढत होत्या. म्हशीचं तोंड माझ्याकडे होतं.

अजून मी रोज जाते. गेले नाही तर काकींचं दूध जातं, गेले तर म्हैस त्यांच्या हातून जाते. एवढं कळूनही, तिच्या मानेला टेकले की मला बरंच वाटतं, आणि त्याचीच लाज वाटते.