बिडीची सुट्टी

"बिडी ओढता ना?" डॉक्टरनं विचारलं. फुंकर हो म्हणाला. "मग आजार स्वतःच्याच हातानं ओढवून घेतलाय," असं म्हणत डॉक्टरनं पुढच्या पेशंटला हाक मारली. झालं! शेजारी उभ्या असलेल्या फुंकरच्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कधीपासून ओढतो, कुठं ओढतो, का ओढतो, मेल्यानं एक शब्द विचारला नाही.

फुंकर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. फरशीच्या कारखान्यात तो घासायच्या मशीनवर होता. फरशी घासून झाली की वाकून तिच्यावरची दगडाची पिठी फुंकायचा आणि चकाकी बघायचा, म्हणून सगळे त्याला फुंकर म्हणायचे. आता जिना चढताना त्याला मध्येच बसावं लागायचं. गरम चहावर फुंकर मारायचाही दम उरला नव्हता.

लग्न झालं तेव्हा या माणसाला चहाचंसुद्धा व्यसन नव्हतं. पण त्या कारखान्यात जेवणाशिवाय सुट्टी एकच, बिडीची. नुसतं दाराबाहेर उभं राहिलं की मुकादम खेकसायचा, "बिडी कुठाय? हवा खायला आलायस?" पेटलेली बिडी हातात असली की मात्र चकार शब्द नाही. ह्यानं आधी न पेटवता नुसतीच धरून पाहिली. "धूर कुठाय?" म्हणत मुकादमानं आत हाकललं. मग काय, पेटवली. "तोंडात धूर धरतो न् सोडून देतो," असं बायकोला सांगायचा. आतल्या धुळीतून सुटायला बाहेर धूर! आणि आता म्हणे, तुझ्याच हातानं!

तो घरी बसला आणि त्याच्या जागी लेक जायला लागली. आईचा जीव खालीवर व्हायचा, पण तिच्या धुण्याभांड्यांवर तिघांचं भागेना. "नाकाला फडकं बांधीन गं," पोरगी म्हणाली. एका संध्याकाळी आईनं तिचा डबा घासायला काढला, तर पिशवीत काड्यापेटी.

"हे काय गं?"

"ओढत नाही, आई. तोंडात धूर धरते न् सोडून देते."

आईचा हात उठला, तो तसाच राहिला. बाप-लेकीचं बोलणंसुद्धा एकच. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी धुणंभांडी टाकून ती तडक कारखान्यात गेली. लेकीला मशीनवरून उठवलं आणि मनगट धरून बाहेर आणलं. मुकादम दारातच होता.

"बिडी कुठाय?"

पोरीचा दुसरा हात सवयीनं खिशाकडे गेला. ते बघितलं आणि आईचा तोल सुटला.

"बिडी नाही! श्वास घ्यायला आलीय ती! बापाला खाऊन पोट भरलं नाही का तुमचं? आता पोरीची छाती हवी?"

"आवाज खाली. श्वासच घ्यायचा तर घरी घे म्हणावं तिला."

"घरीच नेतेय!"

रस्ताभर ती मुकादमाला शिव्या घालत होती, डॉक्टरला घालत होती. पोरीला तिथं पाठवणाऱ्या स्वतःलाही तिनं सोडलं नाही.

खाटेवर उशीला टेकून बसलेल्या फुंकरनं दोघींना भलत्या वेळी दारात पाहिलं.

"एवढ्यात कशी?"

"सोडली हिनं."

"काय, बिडी का नोकरी?"

"वेगळी कुठं होती?"

त्याला हसू आलं. पण हसण्यापुरताही दम छातीत नव्हता. लेक कितीतरी वेळ त्याची पाठ चोळत राहिली.