दूध कोणत्या कलमात लिहावे

आश्विन वद्य द्वितीया, शके १८२९, देवास. निघताना हजर: आईसाहेब, वय साठ, त्यांचे चिरंजीव, छातीच्या दुखण्याने सहा महिने अंथरुणावर, आचारी एक, आणि मी, त्यांच्या घरचा कारभारी. पोचवायला आईसाहेबांचे थोरले बंधू धारहून आले होते. घरात सगळ्यांसारखे तेही त्यांना ताईच म्हणत.

इंदूरच्या डॉक्टरांनी चिरंजीवांना फ्रेंच मुलखात, डोंगरावरच्या क्षयाच्या इस्पितळात ठेवायला सांगितले होते. आईसाहेब बरोबर जाणार म्हणाल्या. बंधूंनी एकच अट घातली.

"ताई, मुलासाठी समुद्र ओलांडतेस, ते शास्त्रीबोवा निभावून नेतील. पण परक्या हातचं पाणी प्यायलीस तर धारच्या पंगतीला तुला कसं बसवू? वैशाखात माझ्या नातीचं लग्न आहे."

आईसाहेबांनी देवापुढे शब्द दिला. तो सांभाळायची जबाबदारी माझ्याकडे आली.

जबाबदारी आली की मी आधी कागद घेतो. तीन याद्या केल्या: न्यायचे सामान, शिवायचे नाहीत असे पदार्थ, आणि तिकडच्या लोकांविषयी सावधगिरी. ही तिसरी सर्वांत लांब झाली, एकवीस कलमांची. ते आंघोळ करीत नाहीत, भांडी नुसती पुसून ठेवतात, त्यांना देवधर्म नाही, वगैरे. त्यांच्यापैकी एकही माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता. निघण्यापूर्वी यादी आईसाहेबांना वाचून दाखवली. त्यांनी ती पाठ केली.

बोट लागल्याने आचाऱ्याने एडनपर्यंत डोके वर केले नाही. एडनला उतरला आणि म्हणाला, "कारभारी, मी तो चाललो. चाकरी गेली तरी चालेल, पण आता जमीन सोडणार नाही." परतीच्या बोटीची वाट पाहत तो धक्क्यावर बसला. त्या दिवसापासून स्वयंपाक माझ्याकडे आला. माझ्या हातचे आईसाहेबांना चालत असे.

चिरंजीव वर इस्पितळात राहिले. आम्ही खालच्या खेड्यात एका विधवा बाईच्या घरी दोन खोल्या घेतल्या. बाई पन्नाशीची, खाली गाय, वर माणसे, असे घर. स्वयंपाकघर एकच होते, म्हणून मी मधोमध खडूने रेघ ओढली. देवासात मराठी न कळणारा माणूस समोर आला की आपण हिंदीवर येतो, त्या सवयीने मी तिला बजावले, "बाईजी, लकीर के इधर मत आना." आईसाहेब आतून म्हणाल्या, "अहो, ती काय उज्जैनची आहे का?" पण रेघ तिला कळली. तिने ती कधी ओलांडली नाही. तिच्या गाईचे दूधही मी घेत नसे. दूध काढताना तिचे हात ओले असत, आणि दुधात थेंबभर पाणी गेले तरी ते तिच्या हातचे पाणीच.

पौषात एका सकाळी झऱ्यावरून पाणी आणताना मी बर्फावर घसरलो. उजवे मनगट मोडले, डोक्याला खोक पडली आणि संध्याकाळपर्यंत ताप भरला. आता पाणी आणायला आणि चूल पेटवायला चालण्यासारखा हात उरला नाही. आईसाहेबांनी स्वतः प्रयत्न केला. ओले लाकूड विस्तव धरीना. त्यांनी खिडकीतले बर्फ वाटीत घेऊन तसेच चोखले. दुसऱ्या दिवशी त्यांनाही ताप आला आणि पोटात कळा येऊ लागल्या. वर चिरंजीवांना कळवायचे नव्हते. त्यांना कसलीही काळजी लावू नका, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मी एका खोलीत, त्या दुसऱ्या खोलीत, मध्ये उघडे दार.

"आईसाहेब, बाईकडून काहीतरी घ्या. हा आपद्धर्म आहे."

"तुम्हीच ना एकवीस कलमं वाचून दाखवलीत?"

"त्यांत चूक असेल."

"कोणत्या कलमात?"

"ठाऊक नाही. सगळ्यांतच असेल."

"मग आधी कोणतं ते शोधून या, आणि मला सांगा," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. मला उठता येत नव्हते. मीच शिकवले होते, ते मलाच त्यांच्याकडून काढून घेता येईना.

तिसऱ्या दिवशी बाई स्वयंपाकघरात, आमच्या उघड्या दारांसमोर, रेघेपाशी येऊन उभी राहिली. लाकडी जोडे तिने दाराबाहेर काढले होते. हातपाय धुतलेले होते, आणि त्या थंडीत पायांवरून पाणी ठिबकत होते. आईसाहेब कशा आत येतात हे तिने महिनाभर पाहिले असावे. हातात मातीचे कोरे भांडे होते, त्यातून वाफ येत होती. ती रेघेच्या पुढे आली नाही. बाहेर त्यांच्या देवळाची घंटा झाली. बऱ्याच वेळाने पुन्हा झाली. बाई तिथेच होती.

"कारभारी," आईसाहेब म्हणाल्या, "तिचे पाय निळे पडलेत हो." आणि हात पुढे करून तिला म्हणाल्या, "या."

दुधात गरम पाणी आणि मध होता. आईसाहेब ते सगळे प्यायल्या. नंतर मीही प्यायलो.

पुढचे दोन महिने आम्ही तिच्याच हातचे जेवलो. पाव कापण्यापूर्वी ती त्याच्या पाठीवर सुरीने खूण करीत असे. ती मी करणी समजून टिपून ठेवली होती. जवळून पाहिले तर खूण करताना ती डोळे मिटून देवाचे काही पुटपुटत होती. कलमे एकेक खोडत गेलो. एक मात्र खोडता येईना: आंघोळ ती आठवड्यातून एकदाच करी. आईसाहेबांनी विचारले, "आणि या थंडीत तुम्ही किती वेळा केलीत?" मी तेही खोडले.

चिरंजीव बरेच सुधारले. चैत्रात परत आलो. धारला शास्त्रीबोवांनी प्रायश्चित्तासाठी यादी मागितली: काय घेतले, कोणाच्या हातचे. यादी कारभाऱ्यानेच करावी असे ठरले.

बंधूंनी मला बाजूला घेतले. "दूध होतं म्हणता ना? मग निर्भेळ होतं, आणि त्यावरच राहिलात, असं लिहा. कलमच उरत नाही."

आईसाहेबांनी ऐकले. "दादा, त्यात पाणी होतं. आणि पुढे मी तिच्या हातचं जेवलेही."

"मग तसं लिहू दे. पश्चात्ताप झाला म्हण, पंचगव्य घे, आणि बैस पंगतीला."

"झाला नाही तर कसा म्हणू? ती बाई अनवाणी उभी होती. तिचं दूध मी पापांत लिहून देणार नाही. आणि त्यात पाणी नव्हतंच असंही लिहू देणार नाही."

शास्त्रीबोवा माझ्याकडे पाहू लागले. मी 'समुद्रगमन' हे पहिले कलम लिहिले आणि थांबलो.

लग्न झाले. आईसाहेब देवासातच राहिल्या. आता बंधूंनी अंथरूण धरले आहे. त्यांना ताईला एकदा वाढलेल्या पानावर बसलेली पाहायचे आहे, आणि आईसाहेबांना धारला जायचे आहे. दोघेही मलाच सांगतात, तुम्ही काहीतरी लिहा. यादी न्यायला आलेला धारचा माणूस कालपासून ओसरीवर बसून आहे. दुसरे कलम लिहायचे राहिले आहे.