येफिमकाकाची बाही

आमचा रोदका परदेशात जाऊन बड्याबड्यांना बुद्धिबळात लोळवायला लागला, तेव्हा पेपरात त्याचा फोटो यायचा. फोटो दरवेळी एकच. समोर पट मांडलेला, आणि हा गडी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला. खाली छापलेलं असायचं : 'ग्रँडमास्टर बेर्द्युगिन यांची सुप्रसिद्ध एकाग्र बैठक.' आमच्या सारापुलच्या हमामात तो पेपर हातोहात फिरायचा आणि ओल्या अंगाची माणसं पोट धरून हसायची. एकाग्र बैठक म्हणे! ती बैठक आली येफिम सावेलिच चुदिनोवच्या बाहीतनं, आणि ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं.

येफिमकाका हमामात भट्टी पेटवायचा. बुटका, अंगानं रुंद, भुवया कायम जळालेल्या. अंगात बारा महिने कापूस भरलेला जाड कोट. भट्टीपुढं उभा राहणारा माणूस कोट कशाला घालतो, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "आतली ऊब आत राहावी म्हणून." कोटाची बाही मात्र रुंद, पिशवीसारखी. काका बुद्धिबळ खेळायला बसला की ती बाही पटावरनं फिरायची, आणि फिरली की पटावरचं काहीतरी कमी व्हायचं.

शनिवारी सगळं गाव आंघोळीला यायचं. दारात शिरताना "शेवटचा कोण?" म्हणून विचारायचं, कुणीतरी हात वर करायचा, की आपण त्याच्या मागं. नंबर लागेपर्यंत बाहेरच्या दालनात बाकावर पट मांडलेला. हरला त्यानं उठायचं, जिंकला त्यानं बसून राहायचं. येफिमकाका भट्टीत लाकडं टाकून यायचा, बाकावर बसायचा, तो काही उठायचा नाही. कुणी ओरडलं, "आरं सावेलिच, माझा उंट कुठं गेला?" तर काका कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "कुठं व्हता, सांग."

"इथंच होता की!"

"इथंच म्हंजी? कुठनं आला, कंच्या चालीनं आला, त्याच्या आधी कोण चाललं, पहिल्यापास्नं सांग. सांगितलंस तर उंट परत, वर क्वासचा पेला माझ्याकडनं. न्हाई सांगता आलं तर गप खेळ."

कुणाला सांगता येणार? माणूस आंघोळीला आलेला, डोक्यात साबण आणि बायकोनं सांगितलेली कामं. त्यामुळं काकानं आयुष्यात कुणाला तो पावाचा आंबूस क्वास पाजला नव्हता. चोरी करतो हे सगळ्यांना ठाऊक, आणि सिद्ध कुणालाच करता येत नव्हती. काका तर छातीवर हात मारून सांगायचा, "मी? आणि चोर? माझ्या भट्टीची शपथ!"

मी आणि काका एकाच बिऱ्हाडात राहायचो. पाच कुटुंबं, एक स्वयंपाकघर, एक संडास. तिथंच क्लावदिया बेर्द्युगिनाची खोली. बाई चामड्याच्या कारखान्यात, हाताला कायम चुन्याचा वास, जीभ कातडं कापायच्या सुरीसारखी. नवरा लढाईत गेला, त्याचा अकॉर्डियन मागं राहिला. बाईनं ठरवलं, पोरगं तोच वाजवणार. पोरगं म्हणजे रोदका, सात वर्षांचा, कानानं मोठा. त्यानं तो बाजा छातीशी धरला की फक्त कान आणि गुडघे दिसायचे.

काय वाजवायचा! अडलेली म्हैस ओरडावी तसा आवाज. रोज संध्याकाळी, कोबीचं सूप उकळत असताना. शेजारच्या खोलीतली नास्तास्या मामी शेगडीपुढं कानात कापूस घालून उभी राहायची, त्यामुळं तिचं दूध दर वेळी उतू जायचं. क्लावदियाला कोण बोलणार? "बापाचा बाजा हाय," ती म्हणायची, "तो वाजणार. ज्याला ऐकायचं न्हाई त्यानं दुसरं बिऱ्हाड बघावं." दुसरं बिऱ्हाड मिळायला तेव्हा माणूस मरावा लागायचा.

तर एका शनिवारी आंघोळ करून, डोकं पुसत रोदका दालनात उभा होता. काकानं टपालवाल्या फादेईचा हत्ती बाहीत घातला. फादेई बोंबलला. काका म्हणाला, "कुठं व्हता, सांग." आणि मागनं बारीक आवाज आला, "मी सांगू?"

पोरानं पहिल्यापासनं सांगितलं. कुठलं प्यादं आधी गेलं, घोडा कुठं बसला, फादेईनं मध्येच नाक कधी शिंकरलं, सगळं. वर म्हणाला, "आणि काका, त्याच्या आधी एक प्यादं पण गेलंय. ते डाव्या बाहीत आहे."

 काकानं हत्ती ठेवला. प्यादं ठेवलं. मग उठला आणि जाऊन क्वासचा पेला घेऊन आला. पेला त्यानं दोन्ही हातांनी पोरापुढं धरला.  इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला तोडीचा माणूस भेटला होता.

तिथनं पुढं काका रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पट मांडून बसायला लागला. क्लावदियाची पाळी संध्याकाळची असली की बाजा कपाटावर आणि पोरगं पटावर. आम्ही सगळे पहारा द्यायचो. जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज आला की नास्तास्या मामी झारा आपटायची, पट टेबलाखाली जायचा आणि रोदका बाजा गळ्यात अडकवायचा.

काका त्याला डाव शिकवायचा नाही. फसवायचा. आज बाहीत, उद्या पावाखाली, परवा चहाच्या समोवारच्या मागं. सोंगट्या इतक्या हरवलेल्या की एका हत्तीच्या जागी बाटलीचं बूच होतं आणि वजिराच्या जागी मामीचं दोऱ्याचं रीळ. काका मध्येच बुचाच्या जागी रीळ ठेवायचा आणि रिळाच्या जागी बूच. पोराला सगळा डाव डोक्यात धरूनच बसावं लागायचं. वर्षभरानं तो पटाकडं बघायचाच नाही; काकाच्या बाहीकडं बघत चाली सांगायचा. आणि मग त्यानं उलट चोरायला सुरुवात केली. काकाचं प्यादं नाहीसं झालं की पोरगं आठ्या घालून विचारायचं, "कुठं होतं, सांगा." काकाला कधी सांगता यायचं, कधी नाही. त्या पोरानं बुद्धिबळ दुसरीकडं कुठं पाहिलंच नव्हतं. त्याच्या लेखी खेळ असाच असतो. चाल चालायची, संधी मिळाली की उचलायचं, आणि समोरच्यानं पकडायचं.

गोम तिथं होती. आमच्यातल्या एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.

रोदका नऊ वर्षांचा झाला तेव्हा इझेव्स्क शहराहून एक शिक्षक आला, इनोकेंती ल्वोविच म्हणून. उंच, चष्मा, गळ्याशी टाय. कारखान्याच्या क्लबात तो एकाच वेळी गावातल्या सगळ्या पोरांशी खेळणार, आणि त्यातलं एक पोरगं निवडून इझेव्स्कच्या बुद्धिबळ वर्गात घेणार. मामीनं आणि मी क्लावदियाला गाठलं.

"जाऊ दे की त्याला," मामी म्हणाली.

क्लावदियानं आम्हा दोघांकडं बघितलं. "मला काय आंधळी समजता? दोन वर्षं झारा आपटतीस, मला ऐकू येत न्हाई? जाऊ दे. शिक्षकानं घेतला तर बाजा बंद. न्हाई घेतला तर पटाला हात लावायचा न्हाई, आणि बाजा सकाळीपण."

सकाळीपण! आमच्या बिऱ्हाडातला झाडून सगळा माणूस त्या दिवशी क्लबात हजर होता. हमामातली गिऱ्हाइकंही आली. येफिमकाका सगळ्यांच्या मागं, कोट घालून.

टेबलं ओळीनं मांडलेली, आत शिक्षक फिरतोय, बाहेर पोरं. शिक्षक एक चाल चालायचा, पुढच्या टेबलाकडं जायचा. रोदका चांगला खेळत होता. शिक्षकानं पाठ फिरवली तसं पोरानं शांतपणे त्याचं एक प्यादं उचललं आणि बाहीत घातलं.

 मी मागं वळून काकाकडं बघितलं, तर तो भिंतीसारखा पांढरा.

शिक्षक फिरून आला, चाल चालला, गेला. त्याला कळलंच नाही. रोदकाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, माणूस कच्चा दिसतोय. मग त्यानं शिक्षकाला सोपं जावं म्हणून घोडा उचलला.

शिक्षक परत आला आणि थांबला. चष्मा काढला, पुसला, घातला. "माझा घोडा कुठं आहे?"

रोदका असा खुलला की काय सांगू. "आला ध्यानात! पण प्यादं त्याच्या आधीच गेलंय, ते नाही दिसलं तुम्हाला. घोडा कुठं होता, सांगा. पहिल्यापासनं."

मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबताना शिंकलं. शिक्षक टायपर्यंत लाल झाला. "चोरी करतोस, आणि वर मलाच विचारतोस? ऊठ! कुणाचा मुलगा आहे हा?"

क्लावदिया उठली. "माझा. चल रं घरी. बाजा वाट बघतोय."

पोराला काही कळेना. त्याचे ओठ हलायला लागले. "पण मी... तुम्ही सांगा ना, मी परत देतो," असं तो पुटपुटत होता. मी मागं सरकून काकाच्या बरगडीत कोपर घातलं. "सावेलिच, बोल की. आता न्हाई तर कधी?"

काका उभा राहिला. मान खाली घालून पुढं गेला. ह्या माणसानं उभ्या जन्मात चोरी कबूल केली नव्हती, आणि समोर सगळं गाव.

"कॉम्रेड शिक्षक," तो म्हणाला, "पोराला बोलू नगा. त्याला वाटतंय खेळायची रीत हीच हाय. हमामात असंच खेळत्यात."

"कोण खेळतं असं?" गिऱ्हाइकं एका सुरात ओरडली. "आम्ही न्हाई! ह्योच खेळतो!"

"बरं, मीच," काका म्हणाला. त्यानं कोट काढला, बाहीचं अस्तर टरकन फाडलं आणि बाही टेबलावर झटकली. दोन घोडे पडले, एक हत्ती पडला, प्यादी पडली, बूच पडलं, शिवणाचं अंगुस्तान पडलं, अर्धी चावलेली साखरेची वडी पडली.

"माझा जुना हत्ती!" फादेई किंचाळला. "पंचवार्षिक योजना संपली, माझा हत्ती याच्या काखेत!"

"माझं अंगुस्तान!" नास्तास्या मामी पुढं धावली. "ह्यानं अंगुस्तानाचा राजा केला व्हता!"

सगळा क्लब हसत सुटला. आम्ही कामा नदीकाठची माणसं बोलताना शब्दांच्या शेपट्या गिळतो, त्यामुळं बाहेरगावच्या शिक्षकाला निम्मंच कळलं असणार. पण तोही हसायला लागला. हसून झाल्यावर रोदकापुढं वाकला. "मग तूच सांग. कुठं होता घोडा?"

रोदकानं सांगितलं. पहिल्यापासनं. प्यादं परत ठेवलं, घोडा परत ठेवला. मग शेजारच्या पोराच्या पटाकडं बोट केलं. "आणि तिथं तुमचा उंट एक घर चुकून बसलाय. मघाशी तुमचं कोपर लागलं."

शिक्षकानं तो पट बघितला.  मग उंट उचलून जागेवर ठेवला.

"डाव पुढं चालू," तो म्हणाला. "पण मुला, हात मांड्यांखाली. दोन्ही. चाल करायचीच असेल तेवढा एक बाहेर."

रोदका हातांवर बसला. बाकीची पोरं एकेक करून हरली आणि घरी गेली, हा शेवटपर्यंत बसून होता. हरलाच, पण तोवर शिक्षकानं घामाघूम होऊन टाय काढून स्वतःच्या खिशात घातला होता. जाताना तो क्लावदियाला म्हणाला, "बाई, ह्याला मी नेतो." क्लावदिया एवढंच म्हणाली, "हात बघा त्याचे." आणि नाक शिंकरलं.

आम्हाला वाटलं, सुटलो. कसलं! पोरगं इझेव्स्कला गेलं, खोली सुनी झाली, आणि क्लावदियानं बाजा कपाटावरनं काढून स्वतःच्या गळ्यात घातला. पोराहून वाईट वाजवायची. पेन्शनीत निघाल्यावर सकाळीपण.

येफिमकाकाला हमामात शिक्षा झाली, की खेळताना बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या. त्या दिवसापासनं तो दर डावाला हरायचा आणि बाकावरनं उठायचा. पण कुणी रोदकाचं नाव काढलं की छाती पुढं काढून म्हणायचा, "त्याला शिकवलं कोणी? भट्टीवाल्यानं!"

रोदका ग्रँडमास्टर होऊन एकदाच गावी आला. शनिवार धरून आला. दारात "शेवटचा कोण?" विचारलं, नंबरात उभा राहिला. वाफ घेऊन, बर्चच्या फांद्यांची जुडी अंगावर हाणून घेऊन बाहेर आला तेव्हा टमाट्यासारखा लाल होता. काका म्हातारा झालेला, दात गेलेले. अंगाला चादर गुंडाळून पट मांडून बसलेला. चादरीला बाही नसते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. रोदकाही चादर गुंडाळून समोर बसला. दोन्ही हात मांड्यांखाली, पेपरातल्यासारखे. आम्ही सगळे भोवती, अंगातनं वाफा निघतायत.

थोड्या वेळानं रोदका म्हणाला, "काका, तुमच्या जुडीखाली माझं प्यादं आहे."

"कुठं व्हतं, सांग."

रोदकानं सांगितलं. काकानं पाल्याखालनं प्यादं काढून ठेवलं आणि खुशीत मान हलवली. "डोळा हाय अजून."

"आता तुमची पाळी," रोदका म्हणाला.

काकानं पटाकडं बघितलं. परत बघितलं. जळक्या भुवया वर गेल्या. "माझा घोडा!"

"कुठं होता, सांगा."

काकानं पटावर बोट फिरवलं, थांबवलं. आम्ही तरी कुठं बघितलं होतं? सगळ्यांचं ध्यान त्याच्या जुडीवर.

"न्हाई सांगता येत," काका शेवटी म्हणाला.

"मग उठा."

काका उठला, आणि त्याच्या मानाला म्हणून रोदकाही उठला. उठताना त्याची चादर घसरली. बाकावर घोडा पडलेला होता, आणि ग्रँडमास्टर बेर्द्युगिन यांच्या उजव्या ढुंगणावर घोड्याच्या दोन कानांचा लालबुंद ठसा उमटलेला.

काकानं तो ठसा वाकून बघितला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग भिंतीला धरत धरत जाऊन क्वासचा पेला घेऊन आला, आणि आतल्या दालनात डोकं घालून साबण लावलेल्या माणसांना ओरडून सांगायला लागला, "बाहेर या रं! बघा कसा ठसा उमटलाय! माझ्या डोळ्यांदेखत उचलला, आणि मला पत्ता न्हाई!"

साबणाच्या अंगानं माणसं बाहेर आली. रोदका चादर सावरत होता, काका ती ओढत होता. पेपरवाल्यांना फोटो काढायचा होता, तर तेव्हा यायचं होतं.