शेजारची खुर्ची

बाबा गेल्यापासून आई बाहेर जेवायला आलीच नव्हती. रविवारी तिला आग्रहानं घराजवळच्या पबमध्ये नेलं. गाणी, बिअरचे ग्लास, मोठमोठ्यानं हसणारी पोरं. बावरलेल्या आईनं पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

पलीकडच्या टेबलावरची एक मुलगी आली. "काकू, इथे कोणी बसणार आहे?"

आई क्षणभर खुर्चीकडे बघत राहिली. मग तिनं पर्स मांडीवर घेतली. "नाही गं. ने तू."

घरच्या शांततेत जे ओठांवर येत नाही, ते परक्यांच्या कलकलाटात किती सहज बोललं जातं!

त्या खुर्चीत कोणीतरी उशिरा येऊन बसलं, तसा पलीकडच्या टेबलावर एकच जल्लोष झाला. आई हसली. ऑम्लेटचा घास घेत आपणहून म्हणाली, "ह्यांना आवडलं असतं हे. झणझणीत आहे."