दोन चाचण्यांच्या मधले सहा तास

अतिदक्षता विभागात तिला सगळे मावशीच म्हणायचे. डॉक्टरही, आणि तिच्याहून वयाने मोठी असलेली हेडनर्ससुद्धा. बावीस वर्षं ती रुग्णांचं अंग पुसत होती. बेशुद्ध माणसाशीही बोलायची, "कूस बदलते हं, घाबरू नका." कुणी हसलं की म्हणायची, "हे लोक उलट उत्तर देत नाहीत, म्हणून तर बोलते."

त्या दिवशी सात नंबरच्या खाटेवर एक शिक्षिका होती. जिन्यावरून पडली आणि मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी आठला मेंदूमृत्यूची पहिली चाचणी झाली होती. कायद्याप्रमाणे दुसरी सहा तासांनी. ती झाली की कागदावर मृत्यूची वेळ पडणार. नवऱ्याला अवयवदानाबद्दल विचारलं होतं. त्याने अजून सही केली नव्हती.

दहाच्या सुमाराला मावशीने पडदा ओढून पुसायला घेतलं. अंग चांगलं ऊबदार होतं. व्हेंटिलेटरच्या तालावर छाती वर-खाली होत होती. मावशीने मान जरा वळवली, तर बाईचा डावा हात हळूहळू उचलला गेला. कोपरात वाकला, छातीपाशी आला, बोटं मिटली, जणू पांघरूण वर ओढतेय. मग गादीवर पडला.

मावशीने पडदा सारून डॉक्टरांना हाक मारली.

"हे मणक्यातून येतं, मावशी," तरुण डॉक्टरीण म्हणाली. "मेंदूचा संबंध नाही. मान हलवली की होतं कधीकधी." मग आवाज खाली आणून, "नवऱ्याला सांगू नका. उगाच आशा लागेल."

नवरा बाहेर बाकावरच होता. "मावशी, तिचं काही हललं-बिललं का हो?"

खोटं बोलायला मावशीची जीभ वळेना. "डावा हात वर आला. डॉक्टर म्हणतात, मणक्यामुळे होतं. मला त्यातलं कळत नाही. पाहिलं ते सांगितलं."

तो ताडकन उठला. "मग ती आहे! मी सही करणार नाही."

"हे काय करून बसलात!" डॉक्टरीण मावशीवर उखडली. मोठे डॉक्टर मात्र नवऱ्याला म्हणाले, "दुसऱ्या चाचणीला तुम्ही समोर उभे राहा."

"मावशीही हव्यात," तो म्हणाला.

दुपारी दोनला डोळ्यांत उजेड टाकला, कानात गार पाणी सोडलं. शेवटी, ती स्वतःहून श्वास घेते का ते बघायला, फक्त ऑक्सिजनची नळी ठेवून यंत्र थांबवलं. आठ मिनिटं. खोलीत ज्याला त्याला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. पाचव्या मिनिटाला तो हात पुन्हा उठला. नवऱ्याने तो मधेच धरला आणि छातीवरची नजर ढळू दिली नाही. छाती हलली नाही. आठ मिनिटं होईपर्यंत हलली नाही.

कागदावर दोन वाजून चोवीस मिनिटं लिहिली गेली. मग अवयव टिकावेत म्हणून यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि छाती सकाळसारखीच वर-खाली होऊ लागली. ते बघतच नवऱ्याने सही केली. जाताना त्याने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला.

अवयव काढायच्या शस्त्रक्रियेआधी बाईला पुन्हा पुसायचं होतं. फडकं पिळताना मावशीने विचारलं, "मग सकाळी मी पुसलं, तेव्हा ती होती की नव्हती?"

"कायद्याने होती," डॉक्टरीण म्हणाली. "बाकीचं मलाही नीट सांगता येणार नाही."

त्यानंतर घरच्यांना हाताबद्दल आधीच सांगून ठेवायची पद्धत पडली. सांगायचं काम मावशीकडे आलं.