छाटणीचा पहिला दिवस

खरं सांगतो, त्या मॅडमचा मला हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात दुखेपर्यंत. आमच्या सायन्स कॉलेजात संशोधन करणाऱ्या मुलांचे प्रोग्राम मी वीस वर्षं लिहून देत होतो. 'सरांचा प्रोग्राम' म्हटलं की विषय संपला. आणि कालपरवा आलेली ही बाई शनिवारी प्रोग्रामिंगचा वर्ग काय भरवते, आणि माझ्याकडे चहाला येणारी पोरं तिच्यापुढे वह्या काय उघडतात!

शेवटी मीही शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. चुका काढायला, दुसरं काय!

"फाइलला नीट नाव द्या," मॅडम म्हणाल्या. नेमका तेव्हाच पडद्यावर माझा प्रोग्राम उघडला गेला: 'खरंखुरं फायनल २'. पोरं हसली. मी पंख्याकडे बघितलं.

प्रोग्राम आणला होता माझ्या लाडक्या विद्यार्थिनीनं. दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराची ही मुलगी, वेलीवर भुरी हा रोग कोणत्या हवेत येतो यावर पीएच.डी. करत होती. वडिलांच्या वहीत छाटणीपासूनचे दिवस मोजलेले असत. माझा प्रोग्राम त्या दिवसाची तारीख काढायचा आणि त्या तारखेचं हवामान शोधायचा. सोमवारी समितीपुढे आलेख ठेवायचा होता, आणि भुरीचा नि हवेचा मेळ काही केल्या बसत नव्हता.

"उत्तर ठाऊक असलेली एक नोंद दे त्याला," मॅडम म्हणाल्या.

तिनं वहीतली एक ओळ टाकली. छाटणी दहा ऑक्टोबरला. पाचव्या दिवशी पाऊस.

प्रोग्राम म्हणाला, पंधरा.

"चौदा पाहिजे," ती म्हणाली. "त्या दिवशी ताईचा साखरपुडा होता. मांडव भिजला होता, मॅडम!"

"अगं, दहा आणि पाच पंधराच!" मी मागून ओरडलो.

"सर, तुम्ही छाटणीचा दिवस शून्य धरलाय. आमचे आप्पा तो पहिला धरतात."

वीस वर्षांत ही साधी गोष्ट मी एकाही शेतकऱ्याला विचारली नव्हती. माझ्या प्रत्येक पावसाला एक दिवस उशीर होत होता.

पुढे येऊन मी ती ओळ दुरुस्त केली. आता फाइलमध्ये बदलाची नोंद करायची होती. बराच विचार करून लिहिलं, 'किरकोळ सुधारणा.'

"सर," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "काय बदललं आणि का, तेही लिहा ना."

दात-ओठ खात लिहिलं: 'छाटणीचा दिवस आता पहिला धरला. बागायतदार तसाच मोजतात. आधी विचारलं नव्हतं.'

सोमवारी आलेख चोख जुळला. शेवटच्या स्लाइडवर आभार होते. वर मॅडम, त्यांच्याखाली मी. पोटात पुन्हा कळ आली. पण मग आठवलं, आम्ही प्रोग्रामवाले शून्यापासून मोजतो. म्हणजे मॅडम शून्य.

आणि मी? एक नंबर!