सुजूने आणलेली लाइट

सकाळी आमच्या खोपट भागातल्या सोसायटीत पाण्याचा पंप सुरू झाला, तापलेल्या मोटरचा वास खिडकीतून आत आला आणि मला आंबिवलीतला तो उन्हाळा आठवला.

कॉलेजात होते मी. सरकारच्या ऊर्जा विभागात सुट्टीपुरती फेलोशिप मिळालेली. भारनियमनाच्या बैठकीत सगळे आलेखांत बुडालेले असताना मी घाबरत म्हणाले, "सर, आमच्याकडे नळाला पाणी येतं तेव्हाच लाइट जाते. पंप लावायचा कसा?"

साहेबांनी चष्मा काढला. "हे आम्हाला सुचलंच नाही."

काही दिवसांनी लाइट जायची वेळ बदलली. पाण्याच्या वेळेला पंप घरघरला, तशी आई गॅलरीतून ओरडली, "अगं बायांनो, भरून घ्या पाणी! आमच्या सुजूने लाइट आणली!"

मी लाजून तिला आत ओढत होते. "आई, एक वाक्य बोलले गं फक्त!"

"मग? दुसरं कोण बोललं?"

आता ऊर्जा धोरण हीच माझी नोकरी. आई माझ्याकडेच असते. आजही पंप ऐकून ती गॅलरीतून शेजारच्या काकूंना तेच सांगत होती. तिच्या गोष्टीत आता मी अख्ख्या कल्याण तालुक्यात लाइट आणलेली असते.

आज मी तिला आत ओढलं नाही. चहा घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.